नवा नेता खरंच मवाळ झालाय का नुसता तसा वागायलाय, हे ओळखायचं कसं

गुलाल अजून नालीत वाहत असतो आणि हॉटेलावर बोलणं सुरू होतं, "नाही बरं, माणूस लय बदललाय, आता सगळ्यांना सोबत घेऊन चालायचं म्हणतोय." आमच्या मराठवाड्यात हे वाक्य मी प्रत्येक निकालानंतर ऐकलंय. कालपर्यंत एकाच समाजाच्या स्टेजवरून गरजणारा माणूस निवडून आल्यावर दर्ग्यावर चादर चढवतो, बुद्धविहारात जाऊन वंदना घेतो, बीडकडचा असला तर एकाच दिवशी वंजारी समाजाच्या श्रद्धेचा भगवानगड आणि मराठा समाजाच्या श्रद्धेचा नारायणगड दोन्हीकडं दर्शन घेऊन फोटो टाकतो. आता डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या, कित्येक वर्षं प्रशासक होता तिथं लोकांनी निवडून दिलेला माणूस बसला, त्यामुळं हाच प्रश्न गावोगावी विचारायलेत की ह्यो मवाळपणा खरा का डाव.

मी का लिहायलोय ते आधी सांगतो. तहसीलसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मागच्या एका निवडणुकीत मी एका उमेदवारासाठी दारोदार फिरलो होतो, पैसे घेऊन नाही, मनापासून, कारण तो सगळ्यांशी गोड बोलायचा आणि गावात तेढ नको असं मला वाटायचं. निवडून आल्यावर वर्ष पण झालं नव्हतं तर बसस्टँडच्या रोडवरचं अतिक्रमण काढायला जेसीबी आला, आणि एका बाजूच्या टपऱ्या उचलल्या, दुसऱ्या बाजूच्या तशाच राहिल्या, कोणत्या बाजूला कोणाच्या टपऱ्या होत्या ते गावातल्या लेकरालाही माहीत होतं. साहेबांचा फोन दिवसभर बंद. संध्याकाळी केळीचा गाडा लावणारा एक जण माझ्या दुकानात आला, गाड्याचं एक चाक हातात होतं, बाकीचा गाडा नगरपालिकेच्या ट्रॅक्टरमध्ये गेला होता. भांडला नाही. एवढंच म्हणला, "भैया, तुम बोले इसलिए दिया था." ते चाक त्यानं माझ्या काउंटरला टेकवून ठेवलं आणि बराच वेळ नुसता उभा राहिला. त्या दिवसापासून मी ठरवलं की नेत्याच्या गोड बोलण्यावर कोणाला मत द्या म्हणून सांगायचं नाही, आधी तपासायचं. कसं तपासायचं ते खाली लिहितो, नगराध्यक्ष असो, आमदार असो नाहीतर सरपंच, पद्धत तीच.

पहिली गोष्ट म्हणजे त्याच्या मनात काय आहे हे शोधायचा नाद सोडा. मनातलं पांडुरंगाला ठाऊक. तो देवभोळा आहे, घरी साधा राहतो, आईला मानतो, याच्यावरून काहीच कळत नाही, कारण घरी प्रेमळ असणारी माणसं बाहेर काय काय करतात ते आपण पाहिलंय. आपल्याला बघायचंय ते एकच, मवाळ राहण्याची किंमत पडायला लागली की हा माणूस किती टिकतो. फुकटात मिळतंय तोपर्यंत कोणीही मवाळ असतं. मतं कमी होतील, स्वतःची माणसं नाराज होतील, वरून पक्षाचा फोन येईल, तेव्हा काय करतो हे बघायचं.

याच्यासाठी एक वही घ्या, साधी दोनशे पानी. तारीख, जागा, समोर कोण बसलं होतं, काय बोलला आणि नंतर केलं काय, एवढं लिहीत चला. यातलं "समोर कोण होतं" हे सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक नेमकं तेच लिहीत नाहीत. एकच माणूस एकाच विषयावर वेगवेगळ्या लोकांपुढं काय बोलतो हे शेजारी शेजारी लिहिलं की अर्धं काम झालं. आरक्षणाचंच घ्या. १ सप्टेंबर २०२३ ला आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि तिथून पुढं मराठवाड्यातल्या प्रत्येक नेत्याला काहीतरी बोलावंच लागलं. ऑक्टोबरच्या शेवटी माजलगाव, बीडमध्ये आमदारांची घरं-ऑफिसं पेटली, १७ नोव्हेंबरला अंबडला ओबीसींची सभा झाली, मग २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामाच्या काळातल्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले द्यायचा जीआर निघाला. तुमचा नेता या चार टप्प्यांवर कुठं होता आणि काय बोलला? मराठ्यांच्या गावात "तुमच्या लढ्यात सोबत आहे" आणि ओबीसींच्या बैठकीत "तुमच्या ताटातलं कोणाला काढू देणार नाही", ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडची असू शकतात आणि तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, दोन्ही मनापासून पण असू शकतात. पण मग तिसरं वाक्य मागा, हे दोन्ही जमवणार कसं? ज्यानं खरंच विचार केलाय त्याच्याकडं काहीतरी उत्तर असतं, चुकीचं का होईना. ज्यानं केला नाही तो म्हणतो "आपण सगळे भाऊ भाऊ आहोत" आणि गाडीत बसतो.

फेसबुक लाईव्ह, लोकल यूट्यूब चॅनेलवाले, सगळ्यांचे व्हिडिओ मिळतात, पण स्टेटस २४ तासात जातं, त्यामुळं स्क्रीनशॉट लगेच काढा आणि तारीख दिसेल असा काढा. आणि कृपा करून अर्धा कापलेला व्हिडिओ वहीत धरू नका. दहा सेकंदाच्या क्लिपवर कोणाला जातीयवादी ठरवणं हे पण पापच आहे, पूर्ण भाषण ऐका, कंटाळा आला तरी.

मग जुनं खोदा. उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र सगळ्यांना बघता येतं, आमदार-खासदारांचं निवडणूक आयोगाच्या साईटवर, नगरपालिकेचं राज्य निवडणूक आयोगाकडं. त्यात गुन्ह्यांचा तक्ता असतो. इथं एक चूक सगळे करतात, गुन्ह्यांचा आकडा मोजतात. "सात केसेस आहेत म्हणजे गुंड." अहो, आपल्याकडं पीकविम्यासाठी, पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या प्रत्येक माणसावर रास्ता रोकोची केस असते, जमावबंदी मोडल्याची असते, ती त्याच्या बाजूनं धरा. बघायचं कलम. जुन्या भादंविचं १५३अ आणि २९५अ, नव्या न्याय संहितेत तेच १९६ आणि २९९, म्हणजे दोन समाजात तेढ लावणं आणि कोणाच्या धर्माचा मुद्दाम अपमान करणं. असलं कलम दिसलं तर वर्ष बघा, कोर्टात काय झालं ते बघा, त्या वर्षीच्या पेपरात काय आलं होतं ते वाचनालयात जाऊन बघा. केस खोटी पण असू शकते, मी स्वतः खोट्या केसेसचे कागद टाईप केलेत, म्हणून एकाच कागदावर निकाल देऊ नका.

जुनं खोदल्यावर काय सापडतं याचं एक बाहेरचं उदाहरण देतो कारण ते मला फार उपयोगी पडलं. इराणमध्ये २०१३ ला हसन रुहानी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, प्रचारात चावी दाखवायचे, सगळी कुलपं उघडतो म्हणून, आणि जगभर मध्यममार्गी म्हणून नाव झालं. हाच माणूस १९८९ ते २००५ त्या देशाच्या सुरक्षा परिषदेचा सचिव होता, आणि जुलै १९९९ ला तेहरानच्या विद्यार्थ्यांचं आंदोलन मोडलं तेव्हा सरकारच्या बाजूच्या सभेत त्यानं अतिशय कडक भाषण केलं होतं. मग चावी खोटी होती का? नाही, कारण २०१५ ला अणुकरार खरंच करून दाखवला, घरच्या कट्टर लोकांच्या शिव्या खाऊन केला. पण नोव्हेंबर २०१९ ला पेट्रोलच्या दरावरून लोक रस्त्यावर आले तेव्हा त्याच्याच काळात गोळ्या चालल्या आणि देशभरचं इंटरनेट बंद झालं. त्यावरून मी शिकलो की "मवाळ आहे का" हा प्रश्नच अर्धवट आहे, "कशात मवाळ आहे" असं विचारायचं. बाहेरच्यांशी बोलताना मवाळ आणि घरातल्या विरोधकाशी कठोर, असं एकाच माणसात असतं. आपल्याकडं पण धर्माच्या बाबतीत अगदी मोकळा असणारा नेता जातीच्या बाबतीत, म्हणजे गावात दलित पोरानं वरात काढली की, एकदम वेगळा वागलेला मी बघितलाय. म्हणून वहीत विषय वेगवेगळे ठेवा. धर्म, जात, बायकांचे प्रश्न, विरोधी पक्ष, पत्रकार.

इराणवरून दुसरी एक गोष्ट. तिथं शेवटचा शब्द राष्ट्राध्यक्षाचा नसतोच, सर्वोच्च नेत्याचा असतो. तसं आपल्या नगराध्यक्षाच्या शेजारी मुख्याधिकारी आहे, वर कलेक्टर आहे, आमदार आहे, पालकमंत्री आहे, पक्ष आहे. एखादं काम झालं नाही तर त्याची नियत वाईट होती का त्याच्या हातातच नव्हतं, हे वेगळं काढल्याशिवाय निकाल देणं अन्याय होतो. त्यामुळं जिथं त्याचा हात मोकळा आहे तिथंच त्याला तपासा. विषय समित्यांचे सभापती कोण केले, स्वीकृत सदस्यासाठी कोणाचं नाव पुढं केलं, सभेच्या अजेंड्यावर कोणाच्या वार्डाचा विषय वर आणि कोणाचा सगळ्यात खाली, केबिनमध्ये चिठ्ठी न देता कोण शिरतं.

आणि पाणी. मराठवाड्यात नियत बघायची तर पाण्यात बघा. आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, आणि कोणत्या गल्लीला कधी येतं हे ज्याच्या हातात असतं त्या वॉलमनशी दोस्ती करा, नेत्याच्या पीएशी नाही. मी मागच्या उन्हाळ्याच्या आधीपासून चार वेगवेगळ्या मोहल्ल्यातल्या ओळखीच्या बायकांना सांगून ठेवलं होतं, पाणी आलं की मला व्हॉट्सअपवर नुसता एक मेसेज टाका, किती वाजता आलं आणि किती वेळ राहिलं. एक मावशी तर रात्री अडीचला मेसेज टाकायच्या, "आलं. २० मिनट. गढूळ." दोन महिन्यात असा तक्ता तयार झाला की भाषणाची गरजच राहिली नाही, एका भागाला आठव्या दिवशी सकाळी पाऊण तास आणि एका भागाला अकराव्या दिवशी रात्री वीस मिनिटं. याला कारण पाईपलाईनचा उतार पण असतो, टाकी लांब असते, ते इंजिनिअरला विचारून घ्या. पण सगळा दोष उताराचा नसतो. खरंच सगळ्यांना सोबत घेणारा माणूस खुर्चीवर बसला तर पहिल्या उन्हाळ्यात हा तक्ता थोडा तरी हलतो.

पैशाचं पण तसंच, वार्डवार कामं किती मंजूर झाली हे माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात १० रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं. लोक येतात आणि चार पानी अर्ज टाईप करायला सांगतात, त्यात नेत्याबद्दलचा राग पण लिहितात, तसं करू नका, "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत प्रभागनिहाय मंजूर कामांची यादी, रक्कम व ठराव क्रमांक" एवढंच लिहा. खासदार असेल तर वर्षाला ५ कोटीचा निधी असतो, त्यात १५ टक्के अनुसूचित जातीच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातीच्या वस्त्यांसाठी सुचवायचा असतो, ते तरी झालं का बघा.

त्याच्या आजूबाजूची पोरं बघायला विसरू नका. लय ठिकाणी कामाची वाटणीच झालेली असते, साहेब शांततेचं बोलणार आणि साहेबांच्या पोरांचे ग्रुप रात्रभर विष ओतणार. साहेबांना माहीत नाही असं होत नाही. पोरानं घाण पोस्ट टाकली आणि साहेबांनी चारचौघात त्याला झापलं, पद काढून घेतलं, तर वहीत जाड अक्षरात लिहा, ते खूप मोठं आहे. "मी त्याच्याशी बोलतो" म्हणले आणि आठ दिवसांनी तोच पोरगा बॅनरवर साहेबांच्या शेजारी हसायलाय, तर ते पण लिहा.

सगळ्यात खरी परीक्षा म्हणजे वाईट रात्र. कोणीतरी स्टेटस ठेवतं, कोणीतरी दगड मारतं, चौकात गर्दी जमते, अशा रात्रीचे पहिले पाच-सहा तास. तो कुठं होता? चौकात आला का, आला तर कोणत्या बाजूला उभा राहिला, का दुसऱ्या दिवशी पोलिस बंदोबस्त लागल्यावर शांतता कमिटीच्या बैठकीत पहिल्या रांगेत येऊन बसला? २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले होते आणि ठिकठिकाणी मुस्लिम समाजानं जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. असल्या गोष्टी आपोआप होत नाहीत, त्याच्या मागं पंधरा-पंधरा दिवस घरोघरी चहा पिणारी माणसं असतात, आणि त्यातली बरीच कोणत्या पदावर पण नसतात. तुमच्या गावात तेव्हा असा चहा कोण पीत फिरत होतं ते आठवा. आत्ता निवडून आलेला त्याच्यात होता का? फोटो काढायला कोणी नसताना केलेलं काम हाच मला सगळ्यात भरवशाचा पुरावा वाटतो.

आता किंमत मोजण्याबद्दल, आणि इथं घाई करू नका असं सांगायला आपल्या विद्यापीठाचंच उदाहरण पुरेसं आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव झाला, शरद पवार तेव्हा नुकतेच मुख्यमंत्री झाले होते. मराठवाडा पेटला, दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, आणि अंमलबजावणी थांबली. १९७९ ला लाँग मार्च निघाला, किती जण तुरुंगात गेले, किती जणांनी जीव दिला. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, बाबासाहेबांचं नाव लागलं आणि मराठवाडा हे नाव पण राहिलं, तेव्हा परत पवारच मुख्यमंत्री. १९९५ ला सत्ता गेली, त्याला कारणं पुष्कळ होती. आमच्या दुकानासमोर आज पण याच्यावर वाद होतो, एक म्हणतो मनापासून होतं म्हणून तर किंमत माहीत असून केलं, दुसरा म्हणतो मनापासून असतं तर साडेपंधरा वर्षं का लागली आणि मधला मार्ग का काढला. मला दोघांचं पण थोडं थोडं पटतं. पण ज्या घराचं छप्पर १९७८ ला जळालं त्यांच्यासाठी नेत्याच्या मनात काय होतं याच्यापेक्षा त्या रात्री पोलिस कधी आले हा प्रश्न मोठा होता. म्हणून मी नेत्याच्या मनापेक्षा त्याच्या वागण्याच्या वेळेला जास्त महत्त्व देतो.

माणूस खरंच बदलू शकतो, हे पण मानायला पाहिजे. मी एक जण बघितलाय, तरुणपणी भडकाऊ भाषणं करायचा, मग एका दंगलीत त्याच्या मित्राचं दुकान जळालं, मित्र दुसऱ्या धर्माचा. तो आज कुठल्या पण सभेत, स्वतःच्या लोकांपुढं सुद्धा, "मी तेव्हा चुकलो" म्हणतो. हे वाक्य शोधा. खऱ्या बदलाला काहीतरी घडलेलं असतं आणि चूक कबूल केलेली असते. ज्याचा बदल उमेदवारी जाहीर झाल्याच्या आठवड्यात सुरू झाला आणि जुन्याबद्दल विचारलं की "ते जाऊ द्या आता" म्हणतो, त्याच्याबाबतीत थांबा. लगेच वाईट म्हणू नका, नुसतं थांबा. आणि गप्प बसणाऱ्याला मवाळ समजू नका. मणिपूरपासून आपल्या गल्लीपर्यंत कशावरच तोंड न उघडणारा माणूस सगळ्यांना चांगला वाटतो, कारण त्यानं कोणाला दुखवलेलं नसतं, पण त्यानं कोणाला वाचवलेलं पण नसतं.

समजा एवढं करून तुमचं मत झालं की हा डाव आहे, मतांसाठी मवाळ झालाय. मग काय करायचं? तोंडावर पाडायचं? मी तर म्हणतो नको. डाव असला तरी तो डाव तुमच्या कामाचा आहे, दंगल लावणाऱ्या डावापेक्षा शंभर पटीनं बरा. फक्त त्याला परत फिरता येऊ नये अशी सोय करा. गोड बोलतोय ना, मग तेच सभेच्या ठरावात घ्यायला लावा, पत्रावर सही घ्या, त्याच्याच समाजाच्या लोकांसमोर बोलायला लावा. एकांतात दिलेला शब्द हवेत जातो, ठरावाला नंबर असतो. दोन वर्षं एखादा माणूस कागदावर बांधला गेला की डाव होता का मनापासून होतं याचा फरक कमी कमी होत जातो, त्याला पण सवय होते.

मी यावेळेस हेच करायलोय. टपऱ्यांचा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे, त्यात प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती पाहिजे, तिच्यात किमान ४० टक्के माणसं विक्रेत्यांनी स्वतः निवडलेली पाहिजेत, आणि सर्व्हे होईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. नवीन नगराध्यक्ष प्रचारात बसस्टँडवर आले होते तेव्हा "कोणाच्या पोटावर पाय येणार नाही" म्हणले होते, वहीत तारीख आहे, समोर दोन्ही बाजूचे टपरीवाले होते. तेच वाक्य वर लिहून, खाली कायद्याचं नाव टाकून, समिती आणि सर्व्हेचा विषय पुढच्या सभेत घ्या असा अर्ज आम्ही दिलाय. रोडच्या दोन्ही बाजूच्या टपरीवाल्यांच्या सह्या एकाच कागदावर आहेत, पहिली सही केळीवाल्याची आहे. आवक-जावकला पोच घेतली, तिच्या तीन झेरॉक्स काढून ठेवल्यात. अजेंडा निघाला की बघू विषय कितव्या नंबरला येतो.